शिवणीतली माया

या घरातल्या बैठका कटिंगच्या टेबलाभोवती भरत. सगळे एकदम मावतील असं दुसरं टेबल घरात नव्हतं, हे त्याचं कारण. मात्र टेबल होतं उभ्याने कापड कापायच्या उंचीचं आणि भोवतालची स्टुलं होती बसून काज करायच्या उंचीची. त्यामुळे बसलेल्या प्रत्येकाची हनुवटी टेबलाच्या कडेला लागे. विषय कितीही गंभीर असला तरी लांबून बघणाऱ्याला वाटावं, दुकानात मुंडकी विक्रीला मांडली आहेत. या टेबलावर गावभरच्या माणसांची मापं जुळली होती. घरच्यांचं एकमेकांशी कधी जुळलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि टेबलावर मधोमध, जुन्या मलमलीत गुंडाळलेलं, आईचं कापड होतं. आई जाऊन बरेच दिवस झाले होते. नात रांगत होती तेव्हाच तिने हे कापड घेऊन ठेवलं होतं. "हिच्या लग्नात हिच्या अंगावर," एवढं म्हणून ट्रंकेत टाकलं होतं. गव्हाळी रेशीम, आत पाहिलं तर हलकी सोनेरी झाक. ते विणणारी गिरणी बंद पडली होती. पुन्हा मिळणार नव्हतं.

थोरला मुलगा टेबलाशी बसला नव्हता. इस्त्रीच्या खोलीच्या चौकटीला टेकून उभा होता. घरी परत आल्यापासून त्याची जागा तीच : ना आत, ना बाहेर. तिथे कुणी हाक मारली तर ऐकू येई आणि कुणी नाही मारली तर वाईट वाटून घ्यायला सोयीचं होतं.

"बोला," ताई म्हणाली. ताई म्हणजे थोरल्याच्या पाठची बहीण, नवरीची आई. लग्न तोंडावर आलं होतं आणि तिचा आवाज त्या मानाने फारच शांत होता. तिच्या बाबतीत ही चांगली खूण नव्हती. "कापड हे आहे. मुलगी तिकडे उपाशी राहून कंबर बारीक करतेय. आता कापणार कोण, तेवढं सांगा."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि धाकटा होता डावखुरा. दुकानाच्या ज्या पायरीबद्दल तो येणाऱ्याजाणाऱ्याला "जरा सांभाळून" म्हणून बजावत आला होता, त्याच पायरीवरून गेल्या आठवड्यात तो स्वतः खाली आला होता.

"उजव्याने खडू धरून बघितला," तो म्हणाला. "रेघ अशी येते की बघणाऱ्याची कंबर लचकावी."

"बाबा, तुम्ही?"

म्हातारे मास्टर टेबलाच्या डोक्याशी बसले होते. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणे, मुलं बाबा म्हणत, आणि त्यांची थोरली बहीण त्यांना अजून बाळ्या म्हणे. डोळ्यांवर पडदा आला होता. त्यांनी हाताने कापड चाचपलं. "मला कापड दिसतं. कडा दिसत नाहीत. कडा सोडून कापायचं असेल तर देतो कापून."

"मग समोरच्याकडे देऊ," ताई म्हणाली.

"कोणाकडे?" आत्याने विचारलं. आत्या म्हणजे ही बाळ्या म्हणणारी बहीण. तिला ऐकू कमी येई, पण नावडतं तेवढं स्वच्छ ऐकू येई.

"समोरच्या दुकानात, आत्या. मी बोलून ठेवलंय."

"त्याच्या आजोबाने आमच्या बाबांची बाही चोरली होती."

"बाही कशी चोरतात गं?"

"खांद्याचा उतार. बाबांनी काढलेला. चोरला तो चोरला, वर उलटा लावला मेल्याने. त्याच्याकडचे कोट घातलेली माणसं अजून खांदे उडवत चालतात. बघ एकदा."

टेबलापासून दूर, खिडकीशी, थोरलीचं मशीन चाललं होतं. थोरली म्हणजे थोरल्याची बायको. नवरा परागंदा होता ती सगळी वर्षं ती त्या मशीनवर बसून होती. तो परतला त्या दिवशीही उठली नव्हती; टीप पुरी केली, दोरा तोडला आणि दुसरी बाही घेतली. तेव्हापासून ती त्याच्याशी थेट बोलत नव्हती. काही सांगायचं असलं की मशीन थांबे आणि ती खोलीतल्या एखाद्या वस्तूला उद्देशून बोले.

मशीन थांबलं. "समोरच्यांकडेच द्यावं," ती दोऱ्याच्या रिळाला म्हणाली. "आईंचं कापड. एकदाच कापलं जाणार."

नणंद-भावजयींचं एकमत झालं की या घरात खिडकीतून आभाळ बघायची पद्धत होती. धाकट्याने बघितलंसुद्धा. आभाळ स्वच्छ होतं.

"पण कापणारा तो काय दारात उभा आहे," आत्या म्हणाली. "लांबलचक. दिसत नाही का कुणाला? मला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही बघायचं बंद केलंत की काय?"

थोरल्याने चौकटीवरचा हात बदलला.

"आत्या," ताई तितक्याच शांतपणे म्हणाली, "दादाने शेवटचं कापलं ते बंबवाल्यांचं. माझ्या मुलीने लग्नात श्वास घ्यावा असं मला वाटतं."

वाक्य चांगलं होतं. थोरल्याने स्वतःही ते इतक्या नेमक्या शब्दांत स्वतःला कधी सुनावलं नव्हतं.

एके काळी गावात त्याच्यासारखा हात नव्हता. आजोबांनी सुरू केलेलं दुकान, बाबांनी वाढवलेलं, आणि थोरल्याने, त्याच्या स्वतःच्या मते, पूर्णत्वाला नेलेलं. शिंपी कापड कापताना मापाबाहेर दोन बोटं जास्त ठेवतो. ती पट्टी शिवणीत आत दुमडून राहते, बाहेरून दिसत नाही. माणूस सुटला, चूक निघाली, तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. या पट्टीला शिंपी माया म्हणतात. मास्टर हात सैल सोडून माया ठेवत. थोरला ठेवत नसे. "माया कोण ठेवतो? ज्याला आपल्या मापाची खात्री नाही तो," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणे आणि गिऱ्हाइकं माना डोलवत. त्याचे कपडे अंगावर कातडीसारखे बसत आणि माणसाने जन्मभर त्याच आकाराचं राहायचं ठरवलं असेल तर त्यांत काही खोट नव्हती.

घराची एक प्रार्थना होती. आजोबांपासूनची. दिवसाचं पहिलं कापड टेबलावर आलं की कापणाऱ्याने त्यावर तळहात पसरून ठेवायचा आणि म्हणायचं : देवा, कापड तुझं, कात्री तुझी, चूक माझी. एवढीच. ती म्हटल्याशिवाय या घरात कात्री उघडत नसे. भक्तिभावात थोरलाच पुढे. सकाळी सगळ्यांच्या वतीने तो म्हणे आणि इतक्या गोड गळ्याने म्हणे की इस्त्रीला आलेली माणसं दोन मिनिटं थांबत. फक्त हात बसत गेला तसा तो शेवटचा भाग हळू म्हणू लागला, मग मनात, मग त्याला वाटू लागलं की आपल्या बाबतीत तो मजकूर तितकासा लागू नाही.

दारू याच सुमारास आली. येताना ती पाहुणीसारखीच आली होती.

अग्निशमन दलाच्या बँडपथकाचे कोट शिवायचं काम आलं. मापं धाकट्याने घेतली, काळजीने, प्रत्येकाला छातीत श्वास भरायला लावून. कापायला थोरला बसला तेव्हा तो सरळ उभा राहू शकत नव्हता, म्हणून त्याने सगळं कापड थर लावून एका थप्पीत कापलं, एकाच वेळी, रेघेच्या आतल्या बाजूने, मायेशिवाय. वर्धापनदिनाला गाव मैदानात जमलं. बँडप्रमुखाने काठी उचलली, वादकांनी पहिल्या सुरासाठी एकदम छाती भरून घेतली आणि पहिला सूर निघाला तो शिवणींचा. कोट ओळीने फाटत गेले, त्यातही एक शिस्त होती. लोक आधी हसले नाहीत. मग ढोलवाल्याची पाठ फाटली.

दलप्रमुख दुकानात आला. हे कसं झालं, एवढंच त्याने विचारलं. थोरला म्हणाला, "मापं धाकट्याने घेतली होती."

वाक्य खरं होतं. तोच त्यातला नीचपणा.

बिगुल वाजवणाऱ्याची बहीण धाकट्याशी लग्नाला तयार झालेली होती. त्या आठवड्यात तिच्या घरून निरोप आला की ती आता तयार नाही. धाकट्याला गावाने 'टर्र मास्टर' असं नाव दिलं आणि ते टिकाऊ निघालं, कारण त्यात माया होती. कुठल्याही वयाला बसत होतं. थोरला त्याच आठवड्यात "बाहेरगावी काम बघतो" म्हणून निघून गेला. कुणाच्या कुणाच्या दुकानात काज-बटणं केली, पीत राहिला, सोडली, पुन्हा धरली, शेवटी सोडली. मग एका सकाळी जिना चढून वर आला. कुणी त्याला जा म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. मास्टरांनी विचारलं, "जेवलास का?" तेवढंच. तेव्हापासून तो कपड्यांना बटणं लावत होता, इस्त्री करत होता आणि कात्रीकडे पाठ करून बसत होता.

"मला कापायचंच नाही," थोरला चौकटीतून म्हणाला. "ताई बरोबर बोलतेय. समोरच्याकडे द्या." आणि तो वळून इस्त्रीच्या खोलीत गेला.

आपलं म्हणणं असं चटकन मान्य झालं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं; ताईला तसंच वाटलं. "बघा!" ती म्हणाली, पण काय बघायचं ते तिलाही सांगता येईना.

थोड्या वेळाने भिंतीला हात लावत मास्टर आत आले.

"कुठे आहेस?"

"इथे. इस्त्रीपाशी."

"तापलीय का?"

"नाही बाबा, मला कुणाचा राग नाही."

"मी इस्त्रीचं विचारतोय. हात ठेवणार आहे मी."

"तीही नाही."

मास्टर इस्त्रीच्या टेबलाला टेकले. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं. तिची साखळी घासल्याचा आवाज येत राहिला.

"संध्याकाळी आम्ही वर देवापुढे प्रार्थनेला बसतो," मास्टर म्हणाले, "तेव्हा तू जिन्यात उभा असतोस."

"ऐकतो तिथून."

"देवाला जिना आवडतो असं कुठे वाचलंस का?"

थोरला घड्या घातलेल्या शर्टांची घडी पुन्हा मोडून घालू लागला. "कुठल्या तोंडाने आत येऊ, बाबा?"

"त्याच. दुसरं आणलंयस का?"

"चेष्टा नका करू. देवाला शब्द दिला होता मी, पुन्हा पिणार नाही. मोडला. पुन्हा दिला, पुन्हा मोडला. इतक्यांदा झालं की नंतर शब्द द्यायचीच लाज वाटायला लागली. म्हणून बोलणंच सोडलं. आता सुटलीय, खरंच सुटलीय. पण आता कुठे सांगायला जाऊ? तो म्हणेल, आला पुन्हा हा."

"तो म्हणाला तसं?"

"नाही."

"मग झालं तर. मापांचं धाकट्यावर ढकललंस, आता तुझा कोतेपणा देवावर ढकलू नकोस."

थोरल्याचा हात शर्टावर थांबला. बाबांनी त्या दिवसाचं नाव काढायची ही पहिलीच वेळ.

"त्या रात्री कापायच्या आधी मी प्रार्थना म्हटली होती," तो म्हणाला. "तोंडाला वास येत होता आणि म्हटली. तीही अर्धीच."

"शेवट गाळून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे गेलेत माझे. कान तेव्हाही होते, आजही आहेत. बहिरेपणा ही तुझ्या आत्याची भानगड आहे, माझी नाही." मास्टरांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले; पडद्यामुळे ते सतत पाझरत, त्यामुळे कशाचं पाणी कोणतं ते त्यांनाही सांगता येत नसे. "हे बघ. मी रागावलोय तुझ्यावर. अजून. सकाळी जाग आली की आधी राग आठवतो, मग कवळी शोधतो. पण तू नव्हतास ना, तेव्हा जिन्यावर पाऊल वाजलं की मी विचारायचो, कोण? रोज. दूधवाला वैतागला. तुझी आई होती तोवर म्हणायची, अहो, दूधवालाच आहे, त्याला किती वेळा नाव विचाराल? मलाही ते कळत होतं. पण थांबवता आलं नाही. तू घरी आलास तरी अजून विचारतो, सवयीने."

थोरल्याने शर्टाची कॉलर बोटाने सपाट केली.

"मी खडूस माणूस. मला नाही जमलं थांबवायला. देवाला जमेल?"

सायकल दूर गेली होती. थोरल्याने शर्ट खाली ठेवला. "बाबा, दमलोय मी."

"मीही. म्हणून म्हणतो चल, तिकडे स्टूल आहे."

दोघं बाहेर आले तेव्हा कुणी कुणाचा हात धरलेला होता हे सांगणं कठीण होतं. थोरला टेबलाशी आला, पण बसला नाही. त्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा प्लास्टरवरची कुणीतरी मारलेली सही वाचण्यात गढला होता.

"मापं बरोबर होती," थोरला म्हणाला.

"काय?"

"बंबवाल्यांची. तू घेतलेली. सगळी बरोबर होती. मी प्यायलो होतो, चुकीचं कापलं आणि तुझ्यावर टाकलं. तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं."

"हे आम्हाला माहीत आहे," धाकटा म्हणाला. "गावालाही माहीत असेल. बाबांनी त्याच संध्याकाळी एक कोट उसवून अंगठा फिरवला होता शिवणीतून. माया नव्हती आत. माझ्या मापाशी मायेचा काय संबंध?"

"पण मी म्हणालो नव्हतो."

"नाही. तू म्हणाला नव्हतास." धाकट्याने सही वाचणं सोडलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आता म्हणालास. बरं. मी माफबिफ काही केलेलं नाही, आधीच सांगतो."

"नको करूस."

"दमलोय फक्त. राग धरून ठेवायला हात लागतो. तो प्लास्टरमध्ये आहे."

आत्या मोठ्याने हसली. तिने हे नेमकं कसं ऐकलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"कात्री कुठे आहे त्याची?" मास्टरांनी विचारलं.

मशीन थांबलं. "खालच्या खणात," थोरली खिडकीला म्हणाली.

थोरल्याने खण ओढला. कात्री अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. गंज चढला असणार असं धरूनच त्याने तुकडा उलगडला. पाती चकचकीत होती. त्याने टेबलावर पडलेला एक सुटा धागा पात्यांच्या मध्ये धरला आणि मूठ नुसती मिटली. धाग्याला कळलंही नसेल.

त्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याची कात्री डाव्या हाताची, पाती उलटी बसवलेली. ही उजवी कात्री त्याच्या काही कामाची नव्हती. दुकानात कुणाच्याच नव्हती.

"धार कुणी लावली?"

"धारवाला लावतो," धाकटा म्हणाला. "आला की सगळ्याच देतो मी. तुझी तेवढी वेगळी काढत बसायचा कंटाळा."

"दर वेळी?"

"म्हटलं ना, कंटाळा."

ताई खाली मान घालून मलमलीची गाठ सोडत होती. गाठ साधीच होती, पण तिला बराच वेळ लागला. कापड उलगडून तिने टेबलावर पसरलं, सुरकुत्या हाताने बाहेर काढल्या आणि मापांचा कागद त्याच्यावर ठेवला. "माझी मुलगी पहिल्यापासून म्हणतेय, मामाच कापेल म्हणून," ती कागदाला म्हणाली. थोरलीची सवय घरात पसरत चालली होती. "मीच नको म्हणत होते. अजूनही भीती आहेच. काप."

थोरलीने स्टूल फिरवलं. तो परत आल्यापासून पहिल्यांदा ती त्याच्याकडे तोंड करून बसली होती. "आणि चुकलं तर?"

मधे कुठली वस्तू नव्हती. थोरल्याने एकदा मागे वळून पाहिलंसुद्धा, कुणाला विचारतेय ते. मग म्हणाला, "चुकेलच कुठेतरी. माया ठेवीन."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पायडलवरचा पाय तिने काढून घेतला.

त्याने खडूने रेघा मारल्या. मग त्याने कात्री बाजूला ठेवली आणि कापडावर तळहात पसरला. रेशीम गार होतं. सगळे उभे राहिले. आत्यासुद्धा, एका हाताने टेबल धरून.

"देवा," तो म्हणाला. तो गोड गळा कुठे राहिला नव्हता. आवाज कुणाचाही असावा तसा होता. "कापड तुझं. कात्री तुझी." तो थांबला. "चूक माझी."

आणि तो तसाच उभा राहिला. सगळे वाट बघत होते, कात्रीची.

"बाबा," तो म्हणाला, "इथे संपतं हो हे. चूक माझी, आणि पुढे काहीच नाही. मी इतकी वर्षं इथेच उभा आहे. इथून पुढे जायला वाटच नाही."

मास्टरांनीही प्रार्थना आयुष्यभर तिथेच संपवली होती.

"संपतं कुठे?" आत्या म्हणाली. "पुढे आहे की."

"काय पुढे आहे?"

"चौथं. बाबा म्हणायचे की. कापड तुझं, कात्री तुझी, चूक माझी, माया तुझी."

या वेळी बहिरं कुणी नव्हतं, तरी सगळ्यांनी एकदम "काय?" केलं.

"अक्का," मास्टर म्हणाले, "मी बाबांच्या शेजारी उभा राहून शिकलोय. असलं काही ते म्हणत नव्हते."

"म्हणत होते. पण तोपर्यंत त्यांच्या तोंडात टाचण्या गेलेल्या असायच्या, बाळ्या. तिसरं म्हणता म्हणता ते टाचण्या तोंडात धरायचे. मी खाली बसून त्यांच्या ओठांतून एकेक काढून द्यायची, म्हणून मला ऐकू यायचं."

"मला वाटायचं ते घसा खाकरतात."

"तुला नेहमीच काहीतरी वाटायचं."

"आणि हे आजवर सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी? तुम्ही सगळे मान खाली घालून उभे असता. मला वाटायचं, तुम्हीही म्हणताय आणि मलाच ऐकू येत नाही."

मास्टर हळूच स्टुलावर बसले. त्यांची हनुवटी टेबलाच्या कडेला टेकली. त्यांनी तळहात पुढे सरकवून आईच्या कापडावर ठेवला, थोरल्याच्या हाताशेजारी. "पाऊण प्रार्थना," ते म्हणाले. "उभा जन्म पाऊण प्रार्थना म्हटली. आणि माया ठेवायची ती माझीच अक्कल समजत होतो."

धाकटा पुढे झाला. मारलेल्या रेघांकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. "दादा," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून किती काळाने निघतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही. "ही बाहेरची रेघ कसली? दोन बोटांच्या वर जातेय. एवढी माया? कापड पुरेल का?"

थोरल्याने कापड डोळ्यांनी मोजलं. आईने घेतानाच भरपूर घेतलं होतं. रांगत्या पोरीचं पुढे काय माप होणार, हे तिला थोडंच ठाऊक होतं?

"पुरेल," तो म्हणाला. "उरेलसुद्धा."

त्याने डोळे मिटले. पहिले तीन भाग पुन्हा म्हटले, न थांबता. चौथ्याला ओठ हलले, पण आवाज आतच राहिला.

"मोठ्याने म्हण," आत्या खेकसली. "तुझ्या तोंडात काय टाचण्या आहेत?"

त्याने मोठ्याने म्हटलं. मग कात्री उचलली आणि बाहेरच्या रेघेवरून कापायला सुरुवात केली.